काकांना ‘निघा’ कोणी म्हणायचं?

लंडनमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बेघर विभागात नोकरी करण्याचा एक फायदा असतो. कुठल्याही पार्टीत तुम्हाला स्वतःहून काही बोलावं लागत नाही. आपण काय काम करतो एवढं सांगायचं. माणसं बेघर का होतात हे पुढे समोरचाच आपल्याला समजावून सांगतो. निवृत्त होईपर्यंत मी हे ऐकत आले. त्यामुळे माझी जेवणं मात्र निवांत झाली.

माझी शेजारीण मॉरीन हिचं मत असं, की बाहेरून आलेल्या लोकांनी सगळी घरं घेतली. हे ती कुंपणावरून मला सांगते आणि लगेच माझा हात थोपटून म्हणते, “तुझ्याबद्दल नाही हं, लव्ह.” इल्फर्डच्या हॉलमध्ये जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळात मत वेगळं. तिथे दारू, ड्रग्ज आणि फुकटचे सरकारी बेनिफिट्स या क्रमाने कारणं येतात. मंडळाच्या ज्येष्ठ सभासद जोशीबाई तर दोन वाक्यांत विषय संपवायच्या. “आपल्यात असं होत नाही. आपल्याकडे माणसाला माणूस असतं.”

मी मूळची नागपूरची, बौद्ध घरातली. दर रविवारी विहारात जायचे, अजूनही जाते. तिथली माणसं वाचणारी. त्यांच्या मते दोष माणसाचा नसतो, व्यवस्थेचा असतो, आणि ते मला पटतंही. फक्त एवढंच, की मंडळ काय आणि विहाराने त्याच हॉलमध्ये ठेवलेलं व्याख्यान ऐकायला जमलेले काय, कार्यक्रम संपला की सगळे शेजारच्या मल्टिस्टोरी कार पार्ककडे जायचे आणि जिन्यात बसलेल्या माणसाला ओलांडून आपापल्या गाडीत बसायचे. व्यवस्थावाले जरा हळू ओलांडायचे.

जिन्यातल्या त्या माणसाला त्याचं स्वतःचं मत कुणी विचारलं नव्हतं. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, आधी दाढ गेली. दाढ दुखायची म्हणून कामावर खाडे झाले, खाड्यांमुळे काम गेलं, काम गेल्यावर बायको गेली आणि तिच्यासोबत घर गेलं, कारण घर तिच्या नावावर होतं. सुरुवात दाढेपासून झाली हे मत मी त्यानंतर कुठल्याही चर्चासत्रात ऐकलं नाही.

आता कामाविषयी सांगते. लोकांना वाटतं आमचं काम दयामायेचं. ते पाच प्रश्नांचं काम आहे. या देशात मदत मागायचा तुम्हाला हक्क आहे का? तुम्ही खरंच बेघर आहात का? इतरांपेक्षा तुमची गरज जास्त निकडीची आहे का, म्हणजे पोरंबाळं, म्हातारपण, आजार वगैरे? तुम्ही स्वतःच्या करणीने बेघर झालात का? आणि तुमचा आमच्या भागाशी काही संबंध आहे का, की शेजारच्या कौन्सिलकडे धाडू? पाचही उत्तरं हवी तशी आली तर कौन्सिलला तुमची सोय करावीच लागते. एखादं चुकलं, तर सल्ला आणि एक माहितीपत्रक मिळतं. माहितीपत्रक चांगल्या कागदावर छापलेलं असतं.

या पाच प्रश्नांतून नाना तऱ्हेची माणसं जाताना मी पाहिली. एक गृहस्थ पिंजऱ्यात बजी, म्हणजे छोटा पोपट, घेऊन आले होते आणि त्यांना दोन बेडरूमचा फ्लॅट हवा होता, कारण त्यांचं आणि पक्ष्याचं पटत नव्हतं. एक मुलगी आली होती, विशीच्या आतबाहेरची, सावत्र बापाच्या घरातून निघालेली. तिची तब्येत उत्तम होती. आमच्याकडे निरोगी असणं हा मोठा तोटा. तिसऱ्या प्रश्नावर ती अडली. निर्णय नियमाला धरून होता आणि वरिष्ठांनी तो तपासला होता. तरी तिचा चेहरा मला अजून आठवतो आणि वाईट वाटतं.

बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. आमच्या काउंटरवर येणारे फारसे रस्त्यावरून यायचे नाहीत. ते कुणाच्या तरी सोफ्यावरून यायचे. भावाच्या, मैत्रिणीच्या, मावशीच्या. मग आम्ही त्या मावशीला फोन करायचो आणि विचारायचो, तुम्ही यांना जायला सांगितलंय का? इंग्रज मावशी असेल तर फोन कानापासून लांब धरावा लागायचा. तिने सांगितलेलं असायचं, कधी सांगितलं, कुठल्या शब्दांत सांगितलं, सगळं ती परत म्हणून दाखवायची. एक आई तर मुलाबरोबर काउंटरवर आली, “आजपासून हा माझ्या घरात नाही,” असं माझ्यासमोर बोलली, आणि मग दोघं बाहेर जाऊन एकाच लायटरवर सिगरेट पेटवत उभी राहिली. प्रेमात काही फरक नव्हता. आईने स्पष्ट हाकललं की आमचं काम सोपं व्हायचं.

शरदकाकांना कुणी हाकललं नव्हतं. अडचण तिथूनच सुरू झाली.

शरदकाका मूळचे पुण्याचे. ऐन उमेदीत मिल्टन कीन्स या लंडनबाहेरच्या शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत आले आणि तिथेच राहिले. पुण्यामुंबईहून नवीन येणाऱ्या पोरांसाठी त्यांचं घर म्हणजे पहिला मुक्काम असायचा. विमानतळावरून काका आपल्या गाडीतून आणायचे, काकू वरणभात घालायच्या, आणि स्वतःचं भाड्याचं घर मिळेपर्यंत पोरगं तिथेच राहायचं. अजित त्यांच्यातलाच एक. पुढे त्याचं लग्न झालं, तेव्हा मुग्धाही आधी काकांच्याच दारात उतरली. काकूंनी तिला ओवाळून घरात घेतलं.

मग काकू गेल्या. त्यांच्या आजारपणात घर विकलं गेलं होतं. काका भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले, कंपनीने माणसं कमी केली त्यात काकांचं काम गेलं, मधुमेहाने पायाला जखम झाली ती भरेना, आणि शेवटी मालकाने फ्लॅट विकायला काढला. यात दारू कुठेही नव्हती. आळसही नव्हता. अजितने स्वतः जाऊन काकांना गाडीत घालून लंडनला आणलं. अजित आणि मुग्धा माझ्या कौन्सिलच्या हद्दीत राहायचे, एक बैठकीची खोली, एक झोपायची आणि एक पेटीएवढी, अशा घरात. पेटीएवढी खोली त्यांच्या मुलीची, रियाची. ती काकांना दिली. रिया आईबापांच्या खोलीत गादी टाकून झोपू लागली.

पहिले दोन महिने छान गेले. अजित काकांना मंडळात घेऊन यायचा, माझी त्यांची ओळख तिथलीच, आणि अजितचं कौतुक झालं. जोशीबाईंनी तर माइकवरून सांगितलं, बघा, याला म्हणतात आपली संस्कृती. नंतर वर्ष सरत आलं. रियाचं परीक्षेचं वर्ष आलं, बाथरूम आणि ती खोली वरच्या मजल्यावर आणि काकांना जिना चढवेना, आणि घरात सगळेजण एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलू लागले. पण जा असं काकांना कुणी म्हटलं नाही. एकदाच सकाळी चहा देताना मुग्धा म्हणाली, “रियाची परीक्षा आलीये ना काका, बिचारीला अभ्यासाला टेबल नाहीये.”

काका म्हणाले, “हो, बरोबर आहे.” दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसला गेल्यावर त्यांनी अंथरुणाची घडी घातली, किल्ली गॅसच्या ओट्यावर ठेवली, आणि अजितला फोन करून सांगितलं की मँचेस्टरला एक जुना मित्र कधीपासून बोलावतोय, तर त्याच्याकडे राहायला जातो. मित्राचं नाव अजितने विचारलं नाही. विचारलं असतं तर काकांना ते सांगता आलं नसतं.

आणि एके दिवशी मी काउंटरवर असताना रांगेत शरदकाका दिसले. इस्त्रीचा शर्ट, स्वेटर, पायात एक बूट आणि एक बँडेजवर बसणारी सपात. त्यांनी मला पाहिलं आणि मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, म्हणजे त्यांचा नंबर शेजारच्या खिडकीवर लागेल. शेजारच्या खिडकीवर कोफी होता. कोफीचे आईवडील घानाचे, तो स्वतः इथलाच, आणि आमच्या विभागातला सगळ्यात शांत माणूस. मी माझ्या समोरच्या बाईंचं ऐकत होते आणि कान तिकडे होते.

कोफीने विचारलं, “त्यांनी तुम्हाला जायला सांगितलं का?”

“नो, नो,” काका म्हणाले. “ते मला माझ्या मुलांसारखे. आय डिसायडेड. माय ओन डिसिजन.”

स्वतःच्या करणीने बेघर झालात का, या चौथ्या प्रश्नाचं काकांनी शक्य तितकं वाईट उत्तर दिलं होतं, आणि तेही अतिशय चांगल्या इंग्रजीत.

कोफीने तिथल्या तिथे अजितला फोन लावला. अजितने जे सांगितलं ते मला नंतर कळलं, पण ऐकण्याआधीही मी ते सांगू शकले असते. काकांना कधीही येऊ दे. खोली त्यांचीच आहे. आम्ही वाट बघतोय. फोन ठेवून कोफी हसला आणि काकांना म्हणाला, “गुड न्यूज, सर.” ज्याला जायला घर आहे तो दुसऱ्या प्रश्नालाच बेघर ठरत नाही. काकांनी त्याचे आभार मानले, माहितीपत्रक नीट घडी करून खिशात ठेवलं आणि ते बाहेर जाऊन बस स्टॉपच्या बाकावर बसले.

मी मॅनेजरला जाऊन सांगितलं की हे गृहस्थ आणि ते कुटुंब माझ्या ओळखीचं आहे, तेव्हा या केसमध्ये मी हात घालणार नाही. असं सांगावंच लागतं. मग माझा डबा घेऊन बाहेर गेले आणि काकांच्या शेजारी बसले.

“वंदना, तू इथे असतेस होय?” काका म्हणाले. जसं काही मघाशी पाहिलंच नव्हतं.

“काका, असं का सांगितलंत? स्वतःहून निघालो म्हणून?”

“मग काय सांगायचं? त्यांनी बाहेर काढलं? त्या पोरांच्या नावावर कौन्सिलमध्ये असलं काही लागायला नको. आणि काढलं नाहीच त्यांनी.”

“मग परत जा. अजित म्हणतोय खोली तुमचीच आहे.”

“म्हणणारच तो. त्याने म्हणायलाच हवं.” काकांनी माझ्या डब्यातली पोळी घेतली. “आणि मी जायचं नाही, हेही ठरलेलंच आहे.”

“रात्री कुठे असता?”

“सोय आहे माझी.”

सोय कुठली ते मी चार वेळा विचारल्यावर कळलं. नाइट बस. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. सकाळी लायब्ररी उघडेपर्यंत हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. मला इतका राग आला की डबा बंद करायला झाकण सापडेना. अजितवर आला, काकांवर आला, आणि या दोघांच्या सौजन्यावर तर फारच आला. जखमेचा पाय घेऊन हा माणूस थंडीत बसमध्ये झोपत होता, का, तर दोन घरंदाज माणसांना एकमेकांचा अपमान करायचा नव्हता.

परत येऊन मी कोफीला म्हटलं की निर्णय तुझा, मी काही सांगणार नाही, फक्त आमच्याकडची एक पद्धत सांगते. आमच्याकडे पाहुण्याला जा म्हणत नाहीत. मुलीच्या परीक्षेचं बोलतात. आणि पाहुणाही कुणी जा म्हटल्याचं कबूल करत नाही.

कोफीने मान डोलावली. “माझी आत्या झाडू काढायची,” तो म्हणाला. “पाहुण्याच्या पायाभोवती झाडत राहायची. फार चिवट पाहुणा असेल तर दुपारीसुद्धा.” मग थोडा वेळ स्क्रीनकडे बघत म्हणाला, “पण वंदना, निर्णयात मी झाडू लिहू शकत नाही. कुणीतरी शब्दांत सांगायला हवं.” त्याने घरी जाऊन सगळ्यांसमोर एकदा विचारायचं ठरवलं.

संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. काका मँचेस्टरला नाहीत हे कौन्सिलच्या फोनवरून कळलं होतं आणि ती रडून बसली होती. मी तिला काय बोलायचं ते सांगितलं नाही. ते सांगायचं नसतं. माहितीपत्रकात जे छापलंय तेवढंच मराठीत सांगितलं. कोफी काय विचारेल, आणि कुठल्या उत्तराचा कायद्यात काय अर्थ होतो.

ती म्हणाली, “म्हणजे मी चांगली वागले तर काका रस्त्यावर?”

“कायद्याने बघितलं तर, हो.”

“आणि वाईट वागले तर त्यांना घर?”

“खोटं बोलायचं नाही, मुग्धा. एवढंच बघ.”

“खोटं कुठे, वंदनाताई? खरंच आहे ते. आम्हाला नाही जमणारे त्यांना ठेवायला. पण तेच तर बोलायचं नसतं ना.”

मागून अजितचा आवाज आला. मी सांगतो, मला जमेल, पुरुषाने सांगायला हवं, असं काहीसं.

त्याच आठवड्यात, भाऊबीज होऊन गेल्यावर, एका दुपारी कोफी त्यांच्या घरी गेला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मुग्धाची मैत्रीण म्हणून गेले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. टेबलावर फराळाची ताटं होती. कौन्सिलचा माणूस निर्णयाला येतोय आणि समोर चकल्या, शंकरपाळे, दोन प्रकारचे लाडू. कोफीने नियमानुसार काही घ्यायला नको म्हटलं, तर अजितने त्याच्यासाठी डबा भरायला घेतला.

काका वेळेवर आले. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. बसमध्ये झोपणाऱ्या माणसाने दिवाळीचं म्हणून पेढे आणले होते. रिया जिन्यावरून धावत खाली आली आणि काकांच्या गळ्यात पडली. ती इथेच जन्मलेली. तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. “काका, तुझी चार्जर माझी रूममध्ये राहिली होती,” ती म्हणाली. “मी ठेवली आहे सेफ.” माझी रूम हे शब्द सगळ्यांनी ऐकले आणि सगळे लाडवांकडे बघू लागले.

कोफीने अजितला विचारलं, “हे गृहस्थ आज रात्री इथे परत येऊ शकतात का?”

अजितने घसा साफ केला. त्याने तयारी केली होती. त्याच्या कपाळावरून ते दिसत होतं. त्याने काकांकडे पाहिलं. काका त्याच्याकडे बघून हसले, अगदी धीर द्यावा तसे. मिल्टन कीन्सहून केलेल्या विमानतळाच्या फेऱ्या, काकूंचा वरणभात, सगळं त्या हसण्यात आलं असणार. अजित म्हणाला, “ऑफ कोर्स. एनी टाइम. इट्स हिज होम.” आणि मग कोफीला म्हणाला, “यू विल हॅव टी?”

“बघा,” काका कोफीला म्हणाले, “फार चांगली मुलं आहेत.”

कोफीने पेनाचं टोपण लावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि न बघून त्याने योग्यच केलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. हा माणूस आता पुन्हा बस स्टॉपवर जाणार, पायातली जखम घेऊन, आणि हे घर त्याला फराळाचा डबा बांधून देणार.

मुग्धा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ओलं फडकं. ती म्हणाली, “काका, तुम्ही या घरात राहायचं नाही.”

अजित म्हणाला, “मुग्धा.”

“आज यायचं नाही, उद्याही यायचं नाही. ती खोली रियाची आहे. तुम्हाला इथे जागा नाही.”

“अगं, मी कुठे म्हणतोय...” काका म्हणाले.

“तुम्ही काही म्हणू नका काका. मी म्हणतेय.”

कोफीने टोपण पुन्हा काढलं आणि विचारलं की काय बोलणं झालं. मी तोंड उघडलं नाही, कारण भाषांतर करायला मी आले नव्हते. मुग्धाने स्वतःच इंग्रजीत सांगितलं. “काका कॅनॉट स्टे हिअर. मी त्यांना जायला सांगतेय. आधीही सांगितलं होतं. फक्त तेव्हा हे शब्द वापरले नव्हते.”

“तेव्हा कुठले शब्द वापरले होते?” कोफीने विचारलं.

“मुलीची परीक्षा आहे, असं म्हटलं होतं.”

“आणि त्याचा अर्थ?”

“निघा,” मुग्धा म्हणाली. मग तेच इंग्रजीत म्हणाली.

कोफी काकांकडे वळला. “तुम्हाला तेव्हा असंच वाटलं होतं का, सर?”

काका पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सोडवत होते. ती सुटायला वेळ लागला. “हो,” ते म्हणाले. “कळलं होतं मला.”

कोफीने सगळं लिहून घेतलं. मग काकांनी एक चकली उचलली, मोडली आणि म्हणाले, “चकली खुसखुशीत झालीये गं.” मुग्धा आत गेली. मी मागोमाग गेले, तर ती नळ सोडून सिंकपाशी उभी होती.

“काकूंनी मला ओवाळलं होतं, वंदनाताई,” एवढंच ती म्हणाली. मी नळ बंद केला.

त्याच संध्याकाळी कौन्सिलने काकांना तात्पुरती खोली दिली. पायाची जखम आणि वय यामुळे तिसऱ्या प्रश्नाला अडचण नव्हती, आणि अजितकडे वर्षभर राहिल्यामुळे पाचव्यालाही नाही. पुढे काही महिन्यांनी ज्येष्ठांच्या वसाहतीत तळमजल्यावर एका खोलीचा फ्लॅट मिळाला. बाथरूममध्ये लाल दोरी आहे. पडलात तर ओढायची, कुणीतरी येतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात ती दिव्याची समजून ओढली आणि आलेल्या बाईंना चहा पाजला. कोफीने केस बंद केली. माझ्या सगळ्या नोकरीत मला ज्याचा अभिमान वाटतो अशा मोजक्या केसेसमध्ये ही एक आहे, आणि तिच्यात मी कामाचं असं काहीच केलेलं नाही.

पण मंडळात गोष्ट पोचली ती वेगळी. आजारी म्हाताऱ्या माणसाला, ज्याच्या दारात उतरली त्यालाच, मानलेल्या सुनेने दिवाळीत फराळाच्या ताटावरून घराबाहेर काढलं. यातला एकही शब्द तसा खोटा नव्हता. अजित ‘ऑफ कोर्स, एनी टाइम’ म्हणाला होता, हेही पोचलं होतं. त्यामुळे अजितचं मन मोठं ठरलं, आणि पुढच्या हिवाळ्यात बेघरांना ब्लँकेटं वाटायचा कार्यक्रम त्याच्याकडेच सोपवला गेला. तो त्याने चोख पार पाडला. जोशीबाईंनी आपलं मत थोडं सुधारून घेतलं. माणसं बेघर का होतात, तर हल्लीच्या सुनांमुळे.

मला ऑफिसातलं बाहेर बोलायची मुभा नव्हती. मुग्धाला होती, पण ती बोलली नाही. मी एकदा चिडून तिला म्हटलं, सांग ना सगळ्यांना. ती म्हणाली, “काय सांगू? मी काढलं नाही म्हणून? काढलं की.” ती मंडळात येत राहिली आणि वाढायच्या टेबलामागे उभी राहत राहिली. बायका तिच्याकडून वाढून घ्यायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. मला त्याचं फार वाईट वाटायचं. आता मी निवृत्त आहे, काका, अजित आणि मुग्धा या तिघांची परवानगी घेतली आहे, नावं बदलली आहेत, म्हणून हे लिहिते आहे. अजितने परवानगी देताना जरा वेळ घेतला.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला शरदकाका आले. पाय भरला होता, दोन्ही पायांत बूट होते. मुग्धा नेहमीप्रमाणे टेबलामागे बटाटेवडे वाढत होती आणि मी तिच्या शेजारी चटणीवर होते. जोशीबाईंनी काकांना टेबलापाशीच गाठलं. आवाज दबका ठेवला, म्हणजे आम्हाला नीट ऐकू जाईल इतका.

“फार सोसलंत हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आपल्या माणसाने असं करावं?”

“हो ना,” काका म्हणाले. “हिनेच काढलं मला. तोंडावर सांगितलं, निघा म्हणून.”

जोशीबाईंनी मान हलवली. मुग्धाचा झारा थांबला.

“माझ्या घराची दुसरी किल्ली असते ना,” काका म्हणाले, “ती हिच्याकडे ठेवलीये मी.”

जोशीबाईंनी यावर थोडा वेळ विचार केला आणि वडे संपायच्या आत नंबर लागावा म्हणून त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी आपली प्लेट मुग्धापुढे धरली. तिने एक वडा वाढला. काकांनी प्लेट मागे घेतली नाही.

“नाही काका,” मुग्धा म्हणाली. “शुगर आहे तुम्हाला. दुसरा मिळणार नाही.”

“बरं,” काका म्हणाले, आणि जाऊन बसले.